ना उभी, ना आडवी

डान्स बार बंद करा म्हणून २००५ साली दहिसरमध्ये ज्या बायका घरोघर सह्या गोळा करत हिंडत होत्या, त्यांतली मी एक. कागद महिला मंडळाचा होता, पण मजकूर माझा. ‘तरुण पिढीला लागलेली कीड’ हे शब्द मीच घातले होते आणि तेव्हा ते मला फार आवडलेही होते. आज तोच कागद कुणी पुढे केला तर मी सही करणार नाही. मंडळातल्या जुन्या मैत्रिणींना हे अजून नीटसं सांगितलेलं नाही. त्या वाचतील तेव्हा वाचतील.

बाहेरच्या माणसाला दहिसर माहीत असतं ते नाक्यामुळे. नाक्याच्या अलीकडे मुंबई महापालिका, पलीकडे मिरा-भाईंदर म्हणजे ठाणे जिल्हा. पलीकडचे पोलीस तेव्हा ठाणे ग्रामीणचे. त्यांचं वेगळं आयुक्तालय झालं ते २०२० साली. जकात होती तोवर, म्हणजे २०१७ पर्यंत, गुजरातकडून येणारे मालाचे ट्रक नाक्यावर खोळंबायचे. ड्रायव्हर, क्लीनर, जकातीचे एजंट, ट्रान्सपोर्टवाले, सगळ्यांच्या खिशात रोकड आणि हाताशी रिकामा वेळ. त्यात दोन पोलीस हद्दींची शीव. हायवेला बार का फोफावले, हे समजायला एवढं पुरे होतं. पण तेव्हा मी असा विचार करत नव्हते. मला दिसायच्या त्या निळ्या-गुलाबी दिव्यांच्या पाट्या, रात्री दीड-दोन वाजता दारं आपटणाऱ्या गाड्या, आमच्या कंपाउंडच्या भिंतीला लागून लघवीला उभे राहिलेले पुरुष. मुलगी दहावीला होती. क्लासवरून ती सर्व्हिस रोडने यायची आणि मी गॅलरीत उभी राहून तिची वाट बघायची.

मार्चच्या अखेरीस आर. आर. पाटलांनी विधानसभेत घोषणा केली. आबा तेव्हा उपमुख्यमंत्री आणि गृहमंत्री. तासगावकडच्या अंजनी गावचा साधा माणूस, ग्रामस्वच्छता अभियानाने नाव कमावलेला. त्यांच्याबद्दल आमच्या मनात आदर होताच. पण पहिली घोषणा होती मुंबईबाहेरचे बार बंद करण्याची. झालं, आमचे धाबे दणाणले. पलीकडचे बंद आणि अलीकडचे चालू, म्हणजे नाक्यापलीकडच्या काशिमिऱ्याची सगळी गर्दी आमच्या दारात येणार. सह्यांची मोहीम निघाली ती या भीतीतून. एप्रिलमध्ये मुंबईचेही बार बंद करायचं ठरलं आणि आम्ही पेढे वाटले. आमच्या सह्यांनी काही झालं नव्हतं, हे आम्हालाही कळत होतं. तरी वाटले.

मी नोकरी करत होते स्टेशनजवळच्या एका पतसंस्थेत. काउंटरवर बसायचे: आवर्त ठेव, पिग्मीचा हिशेब, सोनेतारण. बारमध्ये काम करणाऱ्या मुलींची खाती आमच्याकडे होती आणि हे मला सह्या गोळा करताना पुरतं ठाऊक होतं. माणूस दोन गोष्टी एकाच वेळी दोन खणांत ठेवू शकतो. दुपारी बारा-एकच्या सुमाराला, लोकांची जेवणाची वेळ असते तेव्हा, या मुली यायच्या. साधा पंजाबी ड्रेस, केस नुकते धुतलेले, डोळ्यांखाली झोप न झाल्याची सूज. पर्समधून दहा-दहाच्या नोटांची पुडकी काढायच्या. त्या नोटांना सिगरेटचा, अत्तराचा आणि घामाचा मिळून एक वास असायचा, आणि काही पार चुरगाळलेल्या, पावलांखाली आलेल्या असायच्या. आमचा कॅशियर कुरकुरत मोजायचा. एक मुलगी त्या नोटा घरून इस्त्री करून आणायची. खरोखर इस्त्री फिरवून. “भैया को तकलीफ नहीं होनी चाहिए,” म्हणायची.

खातं उघडायला ओळख देणारा सभासद लागायचा. त्यांना ओळख द्यायची नाक्याजवळची पार्लरवाली, नाहीतर घागरे शिवणारा मास्टर. फॉर्मवर व्यवसायाचा रकाना आला की पेन थांबायचं. आमच्या मॅनेजरांनी तोंडी सांगून ठेवलं होतं, ‘गृहिणी’ लिहा. मी लिहायचे. वारसदाराच्या रकान्यात बहुतेकींच्या आईचं नाव, कुणाच्या लहान बहिणीचं, कुणाच्या मुलीचं. नवऱ्याचं नाव क्वचित. आणि पत्ता मिरा रोडचा किंवा आमच्याच बाजूच्या चाळीचा, मूळ गाव आग्रा, धोलपूर, भरतपूर अशा भागातलं.

जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात विधिमंडळाने कायदा मंजूर केला आणि लगेच २६ जुलैचा पाऊस झाला. दहिसर नदी घरांत शिरली. आमच्या संस्थेत ठेवी मोडायला रांग लागली. कुणाचा फ्रीज गेला, कुणाच्या दुकानातला माल कुजला. त्या रांगेत त्या मुलीही होत्या, कारण स्वस्त भाड्याच्या खोल्या नेहमी सखल जागीच असतात. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, १५ ऑगस्टपासून, त्यांचं काम बंद. पुराच्या वेळी मोडलेली ठेव पुन्हा सुरू करणारे बाकीचे सभासद सप्टेंबरात परत आले. या आल्या त्या बांगड्या घेऊन. सोनेतारणाचे फॉर्म मीच भरत होते. दर ठरलेला, वजन ठरलेलं, त्यात माझ्या मताला काही वाव नव्हता. पण एकीने पैंजण काढून ठेवले तेव्हा मी तिला सांगितलं, चांदी आम्ही घेत नाही. ती हसून म्हणाली, “तो अब ये किस काम के?” मी पुढच्याला आवाज दिला.

एक चमत्कारिक गोष्ट अशी घडली की त्या दिवाळीत आमच्याकडे सुट्या पैशांची चणचण झाली. किराणावाले, रिक्षावाले आमच्याकडून दहाच्या नोटा न्यायचे. त्या नोटा येत कुठून होत्या, याचा विचार कुणी केला नव्हता.

हे सगळं बघूनही माझं मत लगेच बदललं नाही, हे मुद्दाम सांगते. दया येणं वेगळं आणि मत बदलणं वेगळं. मला दया आली होती. तरी मी म्हणायचे, वाईट वाटतं, पण दुसरं चांगलं काम शोधतील की. घरकाम आहे, कारखाने आहेत. इस्त्रीवालीने एकदा मला सरळ उत्तर दिलं. म्हणाली, आमच्यात आजीही नाचायची, पणजीही नाचायची. लग्नाच्या बायका वेगळ्या आणि कमावणाऱ्या वेगळ्या असा आमचा रिवाज आहे, घरातले पुरुष तर कामच करत नाहीत. मला तुमच्या घरी भांडी घासायला ठेवाल? आमच्या बाईने नुकतंच काम सोडलं होतं. मी “बघते” म्हटलं. बघितलं मात्र नाही.

पुढे वाचनात आलं की तिचं म्हणणं एकटीचं नव्हतं. बंदीच्या वर्षीच एसएनडीटी विद्यापीठाच्या संशोधकांनी आणि स्त्री-अत्याचारविरोधी मंचाच्या कार्यकर्त्यांनी ५०० बारनर्तिकांच्या मुलाखती घेतल्या होत्या. त्यांतल्या कितीतरी जणी परंपरेने नाचणाऱ्या जमातींतल्या होत्या. हे वाचल्यावर मला आमच्याच कोल्हाटी समाजातल्या बाया आठवल्या. मला लावणी आवडते. ‘फक्त महिलांसाठी’ म्हणून लावणीचे प्रयोग व्हायचे, तेव्हा आमचं अख्खं मंडळ बोरिवलीच्या नाट्यगृहात जायचं, आणि शिट्टी मारायला मी कधी लाजले नाही. सणसवाडीच्या, चौफुल्याच्या थिएटरांतल्या बायकांबद्दल ‘लोककला जिवंत ठेवली’ असं मी म्हणत असे. त्याच बायकांच्या चुलत-मावस बहिणी म्हणाव्यात अशा मुली हिंदी गाण्यावर हायवेला नाचल्या की कीड. गंमत म्हणजे सरकारच्या नियमांत हा भेद नव्हताच. बारमधल्या नाचाला परवाना मिळायचा तो १९६० च्या ज्या नियमावलीखाली, तिच्या नावातच मेळे आणि तमाशे आहेत. आणि स्वातंत्र्याच्या सुमाराला बाळासाहेब खेरांच्या सरकारने तमाशावरही बंदी आणली होती, अश्लील म्हणूनच. मग दत्तो वामन पोतदारांची समिती बसली, वगांची छाननी झाली, अटी घातल्या गेल्या आणि तमाशा पुन्हा उभा राहिला. ती बंदी चालू राहिली असती तर मी बोरिवलीत शिट्टी कुणासाठी मारली असती?

कोर्टाचं प्रकरण मी वर्तमानपत्रातून पाठ केल्यासारखं वाचत गेले. मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २००६ मध्ये बंदी रद्द केली. सरकार वर गेलं, आणि सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये उच्च न्यायालयाचाच निकाल कायम केला. मला पटला तो एक साधा मुद्दा: कायद्याने तीन तारांकित आणि त्यावरच्या हॉटेलांना सूट दिली होती. म्हणजे तोच नाच महागड्या छताखाली चालेल, आमच्या नाक्यावर नाही. माझ्या कागदावर ‘संस्कृती’ हा शब्द होता. त्याला तारांकनाची अट आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. २०१४ मध्ये सरकारने ती सूट काढून बंदी सरसकट केली, तिला स्थगिती मिळाली. २०१६ मध्ये नवा कायदा आला, त्यातल्या अनेक अटी जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उडवल्या: शाळा-देवळापासून एक किलोमीटर अंतर, आत सीसीटीव्ही. वेळ संध्याकाळी सहा ते साडेअकरा ही अट राहिली, नोटा उधळण्यावरची मनाई राहिली. टिप देता येईल म्हणाले. मला विचाराल तर हा निकाल शहाणपणाचा आहे. २००५ मध्ये कुणी मला वेळेचीच अट दाखवली असती, तर मी तिच्यावर आनंदाने सही केली असती, कारण माझी झोप मोडायची ती रात्री दीड वाजता.

दरम्यान नाक्यावर काय झालं? कायमचं बंद काहीच झालं नाही. पाट्या बदलल्या, ‘ऑर्केस्ट्रा’ आला. नाचायचं नाही, गायचं. परवान्यावर चार पुरुष, चार बायका अशी मर्यादा. हे पुरुष किती नि बायका किती मोजणंसुद्धा २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चुकीचं ठरवलं. माइक हातात, गाणं मागे ट्रॅकवर. चारच्या वरच्या मुली कुठे असायच्या, ते छाप्यांच्या बातम्यांत यायचं: मेकअपच्या खोलीतल्या आरशामागे, स्वयंपाकघरातल्या फळीमागे पोकळी, आत माणूस जेमतेम मावेल एवढी जागा, रिमोटने उघडणारं दार. अशा बातम्या अंधेरीच्या आल्या, आमच्या दहिसरच्याही आल्या. वर्तमानपत्रं ‘छमछम सुरूच’ असा मथळा देऊन मोकळी व्हायची. मी ती पोकळी डोळ्यांसमोर आणायचे. पुरात ज्यांच्या खोलीत पाणी शिरलं, बांगड्या ज्यांनी माझ्या काउंटरवर ठेवल्या, त्यांच्यापैकी कोण आत उकिडवी बसली असेल, श्वास रोखून. बंदीआधी तिला दहाची नोट खुर्चीवरून टाकणारा गिऱ्हाईक निदान शंभर जणांसमोर टाकत होता. दिवे लागलेले असताना तिला मालकाशी, गिऱ्हाइकाशी, हप्ता मागणाऱ्याशी भांडायला थोडी जागा होती. परवान्याची जागा गेली तशी हीही गेली. बंदीमुळे अनेकींना नाइलाजाने देहविक्रयाकडे वळावं लागलं, हे २०१३ च्या निकालातही नमूद आहे. आमच्या सह्यांनी मुलींची अब्रू वाचणार होती, असं मंडळात भाषण झालं होतं. ते मी केलं नव्हतं, पण टाळ्या वाजवल्या होत्या.

माझी खरी तक्रार होती आवाजाची, दारू पिऊन गाडी हाकणाऱ्यांची, आणि लघवीच्या वासाची. सही मी केली ती दुसऱ्याच्या चारित्र्यावर. एवढं कळायला बरीच वर्षं गेली.

आता आमच्या मजल्यावरच्या वहिनींबद्दल लिहिलं नाही तर हे सगळं सोयीचं होईल. त्यांचे यजमान जकातीचं काम करायचे. रोजची रोकड हातात, आणि संध्याकाळ बारमध्ये. वहिनींनी मंगळसूत्र मोडून मुलाची फी भरली हे मला माहीत आहे, कारण ते आमच्याच पतसंस्थेत आधी तारण पडलं होतं. बंदी आल्यावर भाऊजी घरी बसायला लागले. आधी चिडचिड, मग टीव्ही, मग हळूहळू माणसात आले. वहिनी म्हणतात, आबांनी माझा संसार वाचवला. २०१५ च्या फेब्रुवारीत आबा गेले तेव्हा त्या रडल्या. त्यांच्याशी मी वाद घालत नाही, आणि घालायला माझ्याकडे मुद्दाही नाही. मी एवढंच विचारते की भाऊजींना सांभाळायचं काम त्या इस्त्रीवाल्या मुलीच्या पोटावर का टाकायचं? वहिनी म्हणतात, मग कुणाच्या पोटावर टाकायचं, माझ्या? यावर आम्ही दोघी चहा पितो.

मधल्या काळात भाचीकडे यॉर्कला जाऊन आले. परदेश बघून आल्यावर इथलं सगळं वाईट दिसायला लागतं, तो आजार मला नाही. यॉर्क म्हणजे इंग्लंडातलं जुनं गाव, भोवती तटबंदी, मधे भलंमोठं चर्च, आणि वर्षाचे दिवस तेवढे पब, असं ते अभिमानाने सांगतात. शनिवारी दुपारी आगगाडीतून लग्नाआधीच्या मेजवान्यांचे घोळके उतरतात, नवरीच्या मैत्रिणी गळ्यात पट्टे आणि डोक्यावर प्लास्टिकचे मुकुट घालून तर्र. मिकलगेट नावाच्या रस्त्याला संध्याकाळी मी नाक्यावरचं सगळं पाहिलं, भिंतीला लागून उभे राहणाऱ्यांसकट. भाचीच्या शेजारच्या आजीबाई शनिवारी त्या रस्त्याने जातच नाहीत.

मला थांबवलं ते एका दारावर चिकटवलेल्या फिक्या निळ्या कागदाने. भाचीने वाचून दाखवला. अमुक जागेला अमुक वाजेपर्यंत दारू आणि गाणं-बजावणं यांचा परवाना हवा आहे. कुणाला काही म्हणायचं असेल तर २८ दिवसांत पालिकेला लिहा. रंग फिका निळाच लागतो, तसा नियम आहे. त्यांचा हा परवान्यांचा कायदा अमलात आला नोव्हेंबर २००५ मध्ये, आमचे बार बंद झाल्यावर तीन महिन्यांनी. त्याने पबच्या वेळा सैल केल्या, त्यावर तिथेही आरडाओरडा झाला होता. पण शेजारच्या माणसाला लिहिता येतं आणि नुसतं ‘नको’ एवढंच लिहावं लागत नाही. अकरानंतर खिडक्या बंद ठेवा, रिकाम्या बाटल्या रात्री पिंपात ओतू नका, दारावर माणूस ठेवा, अशी अट मागता येते. अट मोडली तर परवान्याची फेरतपासणी मागता येते.

आमच्याकडेही बायकांना बोलता येतं, नाही असं नाही. दारूच्या दुकानाविरुद्ध मतदान घेता येतं, आणि त्याचं चिन्ह महाराष्ट्रातल्या प्रत्येक बाईला माहीत आहे: उभी बाटली म्हणजे चालू, आडवी म्हणजे बंद. खेड्यापाड्यांत बायकांनी त्यासाठी जी हिंमत दाखवली तिला माझा नमस्कार. जिथे नवरा हातभट्टी पिऊन मारतो, तिथे मीही आडवीलाच मत देईन. पण मतपत्रिकेवर तिसरं चिन्ह नाही. साडेअकराला बंद करा, मागचं दार सोसायटीकडे उघडू नका, मुलींना रात्री घरी सोडायला गाडी ठेवा, असं म्हणणाऱ्या बाईने शिक्का कुठे मारायचा?

गेल्या पावसाळ्यात आमच्या खालच्या गाळ्यात परमिट रूम काढायची म्हणून गाळेवाल्याने सोसायटीचं ना-हरकत मागितलं. सभा भरली. सेक्रेटरींनी ‘विरोध’ असा ठराव आधीच टाइप करून आणला होता. माझ्या जुन्या कागदाची आठवण व्हावी इतका तो मजकूर ओळखीचा. मी अटींचा कागद पुढे केला: वेळ, जनरेटर कुठल्या बाजूला, पार्किंगला माणूस, बाहेर स्वच्छतागृहाची पाटी दिसेल अशी, कर्मचारी बायकांची नावं रजिस्टरवर. सेक्रेटरी म्हणाले, “काकू, तुम्ही आहात कुणाच्या बाजूने ते आधी ठरवा. इथे हो किंवा नाही एवढाच रकाना आहे.” वहिनींनी विरोधाच्या ठरावावर सही केली. मग माझा कागद ओढून घेतला, चष्मा लावून वाचला, आणि त्याच्या खाली स्वतःच्या हाताने लिहिलं, “गिऱ्हाइकाला उधारी देऊ नये.”